चौथा चेंडू आणि कार्ड क्रमांक २१४

मी, आर्डिथ मॉरीन टेग्लँड, वय एकोणऐंशी, राहणार ११८ बटरनट स्ट्रीट, पोर्ट ॲम्ब्रोज, आयोवा, पूर्वीचा व्यवसाय वर्तमानपत्रात क्रीडावार्ताहर, सध्याचा व्यवसाय नवऱ्याचा चष्मा शोधून देणे, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, दिवसाउजेडी आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. सगळा त्रास तिच्यामुळेच आहे. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. उलट "आर्डिथ, आता पुरे" असे सांगणारेच जास्त भेटले. याआधी मी केलेली दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिले केले तेव्हा मी तरुण होते आणि दुसरे केले तेव्हा रागात होते.

माझ्या वकील जोलीन प्रुइट यांनी आधी चार पानांचा सुबक मसुदा करून दिला होता. तो मी दुरुस्त्या करून परत पाठवला, तेव्हा त्याची अकरा पाने झाली होती.

"टेग्लँडबाई," त्या म्हणाल्या, "राग ही मालमत्ता नसते. तो कोणाच्या नावे करता येत नाही."

"मग तो मी ठेवू कुठे?"

"जिथे आतापर्यंत ठेवलात तिथेच."

"आतापर्यंत अंगात ताकद होती."

त्यांनी सुस्कारा टाकला आणि कलमे पाडून लिहायला सांगितले. त्याप्रमाणे लिहीत आहे. बत्तीस वर्षे मी दर शनिवारचा मजकूर वेळेत दिला, हाही देईन.

कलम १. घर. बटरनट स्ट्रीटवरचे घर माझे पती वर्लिन टेग्लँड यांनी हयातभर वापरावे. त्यांच्यामागे ते माझी भाची कॉर्लिस हिला मिळावे. मागचे दार जरा उचलून धरल्याशिवाय लागत नाही. ते दुरुस्त करण्याचे काम वर्लिन पंचवीस वर्षे "या शनिवारी" करणार आहे. एप्रिलमध्ये नदी चढली की तळघरात पाणी येते. तिथली खोकी विटांवर ठेवलेली आहेत, ती विटांवरच राहू द्यावीत. कॉर्लिसला स्वयंपाकघराची भिंत पाडून मोकळी हवा आत घ्यायची आहे, असे ती प्रत्येक ख्रिसमसला बोलून दाखवते. भिंत वर्लिनच्या मागे पाडावी. चष्मा सापडत नसेल तेव्हा तो त्या भिंतीला हात लावत चालतो.

कलम २. बँकेत जे काही असेल ते सगळे वर्लिनचे. त्यातून त्याने नवी बोट घेऊ नये. घेणारच आहे, पण मी लिहून ठेवले होते एवढे नोंदवून घ्यावे.

कलम ३. अंत्यविधी. आमच्या ल्युथरन चर्चच्या तळघरात करतात तसा साधा असावा: हॅमचे सँडविच, बटाट्याचे सॅलड, पातळ कॉफी. बेसबॉलच्या आकाराची फुलांची चक्रे नकोत. थडग्याच्या दगडावर "सुखरूप घरी पोचली" असे, धाव पुरी करणाऱ्या खेळाडूबद्दल म्हणतात तसे, कोरण्याचा विचार ज्याच्या मनात येईल, त्याने तो गिळावा. या गावच्या स्मशानात ते वाक्य सहा दगडांवर आहे आणि त्यातल्या दोघांनी आयुष्यात बॅट हातात धरली नव्हती. रँडल फिच यांना बोलायला तीन मिनिटे द्यावीत. घड्याळ जोलीन प्रुइट यांनी धरावे.

कलम ४. व्याख्या. वकीलबाई म्हणतात, हे प्रकरण कधी न्यायालयात गेले तर न्यायाधीशांना खेळ कळत असेलच असे नाही. आयोवात असा न्यायाधीश निघाला तर त्याची बदलीच करायला हवी, पण असो.

या दस्तात "कॅचर" म्हणजे तोंडावर जाळी बांधून फलंदाजाच्या मागे उकिडवा बसणारा गडी. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, टाकलेला प्रत्येक चेंडू अडवणे हे त्याचे काम. शंभर झेलले तर कोणी बघत नाही. एक सुटला की सारे मैदान बघते.

"पासबॉल" म्हणजे सामान्य प्रयत्नाने धरता आला असता असा चेंडू कॅचरच्या हातून सुटणे आणि त्यामुळे बेसवरचा, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यावरचा, गडी पुढे सरकणे. दोष कॅचरचा. "वाइल्ड पिच" म्हणजे पिचरनेच इतका वाकडातिकडा टाकलेला चेंडू की कॅचरला तो आवरणे शक्य नव्हते. चेंडू प्लेटपर्यंत, म्हणजे फलंदाजापुढच्या जमिनीतल्या फळीपर्यंत (हेच "घर"; तीन बेस फिरून इथे परतले की धाव), पोचण्याआधी जमिनीला लागला, तर वादच नाही: वाइल्ड पिच. दोष पिचरचा.

"गुणलेखक" म्हणजे छपरावरच्या लाकडी खोलीत बसून, दोष कोणाचा ते पेन्सिलीने लिहिणारी व्यक्ती. मध्य नदी लीगमध्ये, पोर्ट ॲम्ब्रोज फेरीमेन या संघाच्या मैदानावर, जून १९७१पासून लीग बंद पडेपर्यंत, म्हणजे १९७८पर्यंत, ती व्यक्ती मी होते. आधीचे गुणलेखक पित्ताशयाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले आणि वर्तमानपत्राकडे पाठवायला दुसरा कोणी नव्हता. माझ्या पहिल्याच दिवशी पाहुण्या संघाच्या मॅनेजरने मान वर करून विचारले होते, "काय हो, वर गुण लिहिताय की विणकाम चाललंय?" त्याचे नाव मी लिहीत नाही. इथे त्याला अमर करण्याची माझी इच्छा नाही.

कलम ५. अवजारे. माझे टंकलेखन यंत्र, दुर्बीण आणि शिसपेन्सिलींचा डबा कॉर्लिसला द्यावा. गुणवह्या, एकूण सोळा, तिनेच ठेवाव्यात. जिल्ह्याच्या इतिहास मंडळाने त्यातल्या "छान दिसणाऱ्या दोन" मागितल्या होत्या. त्यांना एकही देऊ नये.

कॅचरच्या साहित्याला आमच्याकडे "अडाण्याची अवजारे" म्हणतात. हा शब्द मडी रूल या कॅचरचा असे सांगतात, आणि तो स्वतः वकिलीची सनद घेतलेला होता. ही माहिती ऐकून जोलीन प्रुइट यांनी माझ्यासमोर पहिल्यांदा हसून दाखवले. तर या अवजारांपैकी एक माझ्या मालकीचे आहे: वर्लिनचा कॅचरचा मिट, म्हणजे चेंडू धरायचा जाडजूड हातमोजा. १९७४ साली अंगठी घ्यायची ऐपत नव्हती म्हणून त्याने तो माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "हाच घे. यात हात घालायची हिंमत असेल तर लग्न कर." दिला म्हणजे कायद्याने माझा झाला. तो मी वर्लिनला परत देत आहे. त्याला तेल लावावे. त्याला म्हणजे मिटला.

कलम ६. कार्डे. सर्वांत भांडण याच्यावरून होणार, म्हणून सविस्तर लिहिते.

१९७६ ते २००८ मी दर शनिवारी "प्लेटमागून" हे सदर लिहिले. विषय एकच: कॅचर. २००८ साली नव्या मालकांनी फोनवर निरोप ठेवून ते बंद केले. त्यांना मी क्षमा करणार होते, पण अजून जमलेले नाही. सदरासाठी गोळा केलेले प्रश्न मी कार्डांवर उतरवले. एक हजार एकशे त्रेसष्ट कार्डे आहेत, चार बुटांच्या खोक्यांत. १९८३पासून दर वर्षी एप्रिलच्या पहिल्या रविवारी दुपारी, जेवणानंतर, माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये सारे गाव जमते आणि या कार्डांवरून प्रश्न विचारले जातात. याला कॅचर-रविवार म्हणतात. पिचरचे प्रश्न नाहीत, फलंदाजांचे नाहीत. त्यांच्यासाठी उरलेले सारे जग आहे.

वॉशिंग्टनच्या स्मारकावरून, पाचशे फुटांवरून टाकलेला चेंडू १९०८ साली खाली उभे राहून कोणी झेलला? गॅबी स्ट्रीट. नडग्यांवर क्रिकेटवाल्यांसारखे पॅड बांधून १९०७मध्ये मैदानात कोण उतरला आणि कोणाची टिंगल झाली? रॉजर ब्रेस्नहन. टिंगल करणाऱ्यांच्या नडग्यांबद्दल माहिती उपलब्ध नाही. एका हातात सात चेंडू कोण धरत असे? जॉनी बेंच. अनेक भाषा जाणणारा, पुढे हेरगिरी करणारा, आणि यांतल्या कुठल्याच भाषेत ज्याला फटका मारता येत नाही असे म्हणत, तो कोण? मो बर्ग. हे आमच्या गावात पहिलीतल्या पोरालाही विचारा.

आता रँडल फिच. हे निवृत्त औषधविक्रेते आहेत आणि २००९पासून प्रश्न वाचण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले आहे. ते रेडिओवर बोलल्यासारखे वाचतात. ते सहन केले. पण क्रेग बिजिओ कॅचरांच्या खोक्यात बसतो की नाही, यावरून त्यांचे आणि माझे तेरा वर्षे बोलणे असे झालेले नाही, नुसता वाद झाला आहे.

"बाई, तो कॅचर म्हणून ऑल-स्टार सामना खेळलाय!"

"आणि मग दुसऱ्या बेसवर पळून गेलाय. ज्याने तोंडावरची जाळी काढून ठेवली, त्याने खोक्यातून जावं."

"म्हणजे आयुष्यभर उकिडवं बसल्याशिवाय तुमच्याकडे किंमतच नाही?"

"माझ्या घरात तसाच एक आहे. त्याला विचारा गुडघे कसे आहेत."

तरीही कार्डे मी रँडल फिच यांनाच देत आहे, कारण त्यांच्याइतका त्यांना जपणारा दुसरा कोणी नाही, हे कबूल करताना माझ्या पोटात दुखते. अट एकच आणि ती कलम ७मध्ये आहे. ती मोडली तर चारही खोकी शेजारच्या क्लार्कबर्ग गावाला जातील. तिथे लोक सॉकर खेळतात.

कलम ७. कार्ड क्रमांक २१४. या कार्डावर प्रश्न आहे: मध्य नदी लीगच्या इतिहासात एकाच डावात सर्वाधिक पासबॉल कोणत्या कॅचरच्या नावावर? उत्तर: वर्लिन टेग्लँड, चार, २२ ऑगस्ट १९७१.

मोठ्या लीगमध्येही असे घडलेले आहे. १९५४ साली रे कॅटच्या नावावर एका डावात चार लागले, १९८७ साली जीनो पेट्रलीच्या. दोघांच्याही समोर नकलबॉल टाकणारा पिचर होता. नकलबॉल म्हणजे बोटांच्या टोकांनी ढकललेला, न फिरणारा चेंडू. तो कुठे जाणार हे टाकणाऱ्यालाही कळत नाही. वर्लिनच्या समोरही तसाच एक होता, डेल्मर ओटकेन. पण मोठ्या लीगमधल्या माणसाला लपायला जागा असते. आमची लीग १९७८मध्ये बंद पडली, त्यामुळे वर्लिनचा विक्रम मोडण्याची सोयच उरली नाही.

हा प्रश्न दर वर्षी शेवटचा असतो. फिच पूर्ण वाचतही नाहीत, सारा हॉल "वर्लिन!" म्हणून ओरडतो. वर्लिन उभा राहतो. मग चार टेबलांवरून त्याच्याकडे चार पाव फेकले जातात आणि त्याने ते चारही सोडायचे, अशी पद्धत पडली आहे. एकोणचाळीस वर्षे तो हसत उभा राहिला आणि पाव सोडत आला.

या एप्रिलमध्ये तीन पाव सोडले. चौथा आखूड पडला, टेबलावर आपटून उडाला, आणि वर्लिनचा हात आपोआप खाली गेला. त्याने तो छातीशी दाबून धरला. सगळ्यांनी "हूऽऽ" केले. तो ओशाळला. आमच्या टेबलाशी ग्वेन स्ट्रॉहमेयर होत्या, गावात नव्याने आलेल्या दंतवैद्य. त्यांनी सहज विचारले, "त्या दिवशी चारही कसे हो सुटले?"

"तीन तर सुटलेच," वर्लिन म्हणाला. "डेल्मरचा बॉल म्हणजे फुलपाखरू. चौथा मला वाटायचं टप्पा पडून आला. पण ही वर बसली होती, हिची नजर घारीची. ही म्हणते नाही पडला. म्हणजे नसेलच पडला."

असे म्हणून त्याने तो पाव माझ्या ताटात ठेवला. मला तो खाववला नाही. त्या दिवसापासून हे मृत्युपत्र मनात लिहिते आहे.

आता जे लिहिते ते शपथेवर.

२२ ऑगस्ट १९७१, रविवार. दुपारी लागोपाठ दोन सामने होते, सात-सात डावांचे. त्या काळी लहान गावांत वार्ताहर आणि गुणलेखक एकच माणूस असे, आणि यात काही गैर आहे असे कोणाला वाटत नसे. पहिल्या सामन्याचे वृत्त साडेपाचच्या आत फोनवर द्यायचे होते, तेव्हा दुसऱ्या सामन्याचा सहावा डाव चालू होता. एक गडी चार चुकीच्या चेंडूंवर पहिल्या बेसवर चालत आला आणि तीन पासबॉलवर, एकही फटका न बसता, घरी पोचला. ते तिन्ही मी पाहिले. तिन्ही वर्लिनचे. त्याबद्दल माझे मत आजही तेच आहे. पुढच्याने मोठा फटका मारून तिसरा बेस गाठला.

तेवढ्यात फोनवर संपादक ओरडले, "त्या शॉर्टस्टॉपचं आडनाव नीट सांग, नाहीतर जागा जाहिरातीला देतो!" आडनाव चौदा अक्षरांचे होते. मी मान खाली घालून यादीवर बोट ठेवले आणि एकेक अक्षर सांगू लागले. अकराव्या अक्षराला लोक ओरडले. मी मान वर केली तेव्हा वर्लिन मागच्या कुंपणाशी गुडघ्यांवर होता आणि गडी प्लेट ओलांडत होता.

खालून निवेदकाने विचारले, "काय देऊ, बाई?"

मी म्हटले, "पासबॉल. चौथा."

तीन झाले होते, चौथाही तसाच असणार, असे माझ्या हाताने ठरवले. डोळ्यांनी तो चेंडू पाहिलेलाच नाही. तो सामना आम्ही एका धावेने हरलो.

आमच्या नियमाप्रमाणे निर्णय बदलायला चोवीस तास असत. सोमवारी सकाळी दहा वाजता वर्लिन टेग्लँड, तेव्हा मला फक्त तोंडओळखीचा, टोपी हातात धरून कचेरीत आला.

"मॅडम, तीन माझेच. पण चौथ्याचा टप्पा पडला होता."

"मी जे पाहिलं ते लिहिलंय," मी म्हटले.

"बरं मॅडम. तुम्ही वरून बघत होतात." एवढे बोलून तो गेला आणि जाताना दार हळू लावले.

तो भांडला असता, टेबलावर हात आपटला असता, तर कदाचित मी खरे बोलले असते. इतक्या वर्षांत या माणसाचा मला सर्वांत जास्त राग कशाचा आला असेल, तर त्या हळू लावलेल्या दाराचा. मी का बोलले नाही, तेही लिहिते. त्या खोलीत बसलेली मी पहिली बाई होते. "पाहिला नाही" एवढे दोन शब्द बोलले असते, तर त्याच दिवशी माझ्या हातून पेन्सिल काढून घेतली असती. मी पेन्सिल राखली. पुढच्या मार्चमध्ये संघाने वर्लिनला मोकळे केले. चौथ्या पासबॉलमुळे, असे कोणी म्हटले नाही. त्याची फलंदाजी हेही पुरेसे कारण होते. तो बोटींची इंजिने दुरुस्त करू लागला. माझ्या वडिलांचे इंजिन घेऊन मी १९७३मध्ये त्याच्या दुकानात गेले, तेव्हाही तो "मॅडम" म्हणाला.

डेल्मर ओटकेनला विचारता आले असते. तो २००३ साली वारला. तोपर्यंत बत्तीस वर्षे तो इथून दोन गल्ल्या पलीकडे राहत होता, आणि मी त्याला फक्त टोमॅटोच्या रोपांबद्दल विचारले.

सबब: कार्ड क्रमांक २१४ फाडून टाकावे. त्याजागी नवे कार्ड घालावे. प्रश्न: न पाहिलेल्या चेंडूवर निर्णय देणारी गुणलेखक कोण? उत्तर: आर्डिथ टेग्लँड. हॉलने ओरडायचे ते माझे नाव ओरडावे. हीच ती अट.

पुरवणी. वरचा मजकूर मी गेल्या गुरुवारी जोलीन प्रुइट यांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला.

"टेग्लँडबाई, मृत्युपत्र मेल्यावर उघडतात."

"म्हणूनच त्यात लिहिलंय."

"आणि वर्लिन आधी गेले तर?"

वकिलांना प्रश्नाचे पैसे देतात ते का, ते मला त्या दिवशी कळले.

म्हणून शनिवारी सकाळी मी वर्लिनला समोर बसवले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच तो मागच्या दाराची बिजागरी काढून बसला होता. मुहूर्तसुद्धा या माणसाला असाच सापडतो. कलम ७ मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवले. त्याने बिजागरी टेबलावर ठेवली.

"म्हणजे तू बघत नव्हतीस."

"नव्हते."

"फोनवर होतीस."

"हो."

"चौदा अक्षरं?"

"चौदा."

तो उठला आणि बिनदाराच्या चौकटीतून अंगणात गेला. आपटायला दार नव्हते. पालथी घालून ठेवलेल्या बोटीवर पाठमोरा बसला. मी खिडकीशी उभी राहिले आणि या वेळी मात्र नजर हलवली नाही. कॉफी दोनदा गरम केली. मग तो आत आला आणि, शहात्तर वर्षांचा माणूस, स्वयंपाकघराच्या फरशीवर उकिडवा बसला. गुडघे कडकडले.

"प्लेट इथं," वाकडे बोट टेकवून तो म्हणाला. "मी इथं. टप्पा इथं पडला, प्लेटच्या अलीकडे वीतभर. धूळ उडाली ती माझ्या जाळीतून डोळ्यांत गेली. एक्कावन्न वर्षं ती धूळ आठवते मला, आर्डी. मला वाटायचं, धूळ मीच मनानं घातली असेल."

त्याने बोट टेकवले होते तिथे मी नीट पाहिले.

"लागला होता ना?" तो म्हणाला.

"मी पाहिलाच नाही, हेच तर सांगतेय."

"मी पाहिला."

"मग लागला होता," मी म्हटले.

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "आता मला उठव." त्यात पाच मिनिटे गेली आणि एक खुर्ची मोडली.

उठल्यावर त्याने मला माफ केले की नाही, ते सांगितलेले नाही. दोन दिवस माझ्याशी फक्त दाराबद्दल बोलला. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "कार्ड फाडायचं नाही."

"अरे, तुझं नाव पुसायला मी एवढी खटपट करतेय!"

"पुसलंस तर वर्षातून एकदा मला उभं कोण करणार? रँडल?"

"मग काय करू म्हणतोस?"

"तीन पाव मला," तो म्हणाला. "चौथा तुला. आणि तू तो झेलायचास. सोडायचा हक्क नाही तुला."

त्यानुसार कलम ७ची अट पुढीलप्रमाणे बदलत आहे. मूळ मजकूर खोडलेला नाही; तो वाचता यावा. कार्ड २१४ खोक्यातच राहील. उत्तर: वर्लिन टेग्लँड, तीन. चौथा चेंडू वाइल्ड पिच, गुणलेखकाने न पाहिलेला. या दुरुस्तीमुळे लीगचा विक्रम आता तीन कॅचरांत वाटला जातो. बाकीचे दोघे हयात नाहीत. त्यांच्या मुलांना मी पत्रे लिहिली आहेत. अशा बातमीबद्दल कोणी आभार मानील असे वाटत नाही. रँडल फिच यांना फोनवर सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "बाई, तिघांचं उत्तर असलेला प्रश्न म्हणजे प्रश्नाचा सत्यानाश!" आणि मग, रेडिओचा आवाज बाजूला ठेवून, "वर्लिन कसा आहे?" हे विचारल्याबद्दल बोलायची तीन मिनिटे मी चार करते. बिजिओबद्दल माझे मत कायम आहे.

दुसरी गुणवही, २२ ऑगस्ट १९७१ चे पान, सहावा डाव: मी आज शाईने दुरुस्ती करून खाली तारीख घातली आहे. चोवीस तासांची मुदत उलटून गेली याची मला कल्पना आहे. हरकत घेऊ शकेल अशी लीग उरलेली नाही.

मी हयात असेपर्यंत चौथा पाव मी झेलीन. माझ्यामागे तो माझ्या खुर्चीवर टाकावा.

मागचे दार आता लागते. कलम १ तेवढ्यापुरते दुरुस्त समजावे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि पाहिल्याशिवाय यात एक ओळही घातलेली नाही. खाली नमूद केलेल्या दोन साक्षीदारांच्या देखत मी सही केली आणि त्यांनी माझ्या देखत केली. वर्लिनलाही साक्षीदार म्हणून सही करायची होती. ज्याला मालमत्ता मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे जोलीन प्रुइट यांनी त्याला तीनदा समजावले. तो लेखणी खाली ठेवीना. शेवटी त्यांनी पानाच्या तळाशी एक वेगळी रेघ आखून दिली आणि तिचा मालमत्तेशी संबंध नाही असे बजावले.

स्थळ: पोर्ट ॲम्ब्रोज, आयोवा
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२२, बुधवार, सकाळी अकरा

(सही) आर्डिथ मॉरीन टेग्लँड

साक्षीदार
१. (सही) ग्वेन स्ट्रॉहमेयर, दंतवैद्य
२. (सही) लायल ब्रँडस्टॅड, नळदुरुस्ती

फक्त चौथ्या चेंडूपुरता साक्षीदार
(सही) वर्लिन टेग्लँड, कॅचर